भार किती घातलाय?

तिसऱ्या वळणावर पुन्हा मागची चाकं सुटली.
मी खेळ थांबवते, मेनूत जाते.
ब्रेकचा तोल पुढे अठ्ठावन्न, मागे बेचाळीस.
पुढे साठ करते.
मागची स्प्रिंग दोन घरं मऊ.
टायरमधली हवा एका टिंबाने कमी.
पुन्हा तीच फेरी, पुन्हा तिसरं वळण,
पुन्हा गाडी उलटं तोंड करून उभी,
जशी मलाच विचारते : आता?

कुडचड्यात रात्रीचे साडेदहा.
खाली तिंट्यावर रोस आमलेटवाला गाडा धुतोय.
आणि दारात, लुंगी वर दुमडून, बाबा.
कधीपासून उभे, कोण जाणे.

सोळा वर्षं टिपर चालवला त्यांनी,
रिवणहून कापशेच्या जेटीपर्यंत,
दिवसाला सहा खेपा, कधी सात.
कानात, नाकात, उशीच्या अभ्र्यात तांबडी माती.
आई म्हणायची, ह्यांचा एक बनियन पिळला
की न्हाणीतून अर्धी खाण वाहून जाते.
मग खाणी थांबल्या.
टिपर दोन पावसाळे फणसाखाली उभा राहिला,
तिसऱ्याच्या आधी भंगारवाल्याने वजनावर नेला.
आता ते शाळेचा बालरथ चालवतात,
चाळिसाच्या वर काटा जात नाही.

“हे काय करतेस?”
मी सांगते. स्टिअरिंग किती हलकं, किती जड,
गाडी वळणात किती कलू द्यायची,
चाक फिरलं तर किती सावरायचं.
ते ऐकतात, डॉक्टरांचं ऐकावं तसे.
“गाडी हाताला नाही कळत,” ते म्हणतात,
“बुडाला कळते.
आधी बूड सांगतं, मग हात.
डोळ्यांना सगळ्यात शेवटी.”

मी बसलेय प्लास्टिकच्या खुर्चीवर.
खुर्ची काहीच सांगत नाही.

कंट्रोलर त्यांच्या हातात देते.
बोटं जाड, बटणं बारीक.
सरळ रस्त्यावरच कुंपणात.
दुसऱ्या खेपेला वळण यायच्या कितीतरी आधी
ते ब्रेक दाबतात :
उजव्या पायाने, अनवाणी, फरशीवर.
गाडी अर्थातच थांबत नाही.
मी हसत नाही.
थोडीशी हसते.

“भार किती घातलाय?”
कसला भार? रेसची गाडी, बाबा. रिकामी असते.
“मग नाचणारच.
रिकामा टिपर ब्रेकला उड्या मारतो.
दहा टन घेऊन मी शीळ घालत उतार उतरायचो,
भीती वाटायची ती परत येताना.”

मी शोधते. भार असा रकानाच नाही.
आहे ते फक्त इंधन : पाच लिटर,
एका फेरीपुरतं. सगळे तेवढंच ठेवतात.
शंभर करते.
“हां,” बाबा म्हणतात.

तिसरं वळण.
गाडी कुरकुरते, नाक जरा उशिरा आत घेते,
पण शेपूट जागेवर.
दीड सेकंद जास्त लागला.
“दीड सेकंदात काय होतं?”
एकशेबाराव्या नंबरवरून चारशेवर जाते मी.
“आणि पोचतेस?”
पोचते.
“मग?”
मग काही नाही, बाबा.

ते झोपल्यावर मी पन्नास लिटर करून पाहिलं.
मग तीस. तिसाला सुटली.
अडतिसाला धरली.
सेटिंग जपून ठेवायला नाव मागतात.
‘बाबा ३८’ लिहिलं. आणि वेळ पाहिला तर पावणेदोन.

सकाळी बालरथात मागच्या बाकावर मी,
मला फक्त स्टेशनपर्यंत जायचंय.
शेळवणच्या रस्त्याला गाडी अजून रिकामी.
गतिरोधकावर अख्खी बस टणकन उडाली,
बाबांनी वळूनही पाहिलं नाही.
पुढच्या वळणावर मेलिशा चढली,
दप्तर तिच्याहून मोठं,
मग तिचे दोन भाऊ, मग आणखी चौघं,
कुणाच्या तरी डब्यातून सांडलेलं तोणाक.

बुडाखाली काहीतरी बदललं.
नक्की काय, ते मला नीट ऐकू आलं नाही.